नडगीतला स्क्रू

आमच्याच टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर, एक हाडांचे डॉक्टर राहतात. माझ्या डाव्या पायाचं पहिलं ऑपरेशन त्यांनीच केलं. आता लिफ्टचं दार उघडलं आणि आत ते दिसले, की मी बाहेरच थांबते आणि लिफ्ट जाऊ देते. सोसायटीतल्या बायकांना हे अती वाटतं. शेजारी आहेत, कधी ना कधी गरज लागेल, असं मला समजावूनही झालंय. गरज लागली होती, तेव्हाचीच ही गोष्ट आहे.

मी द्वारकेतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. माहेर पुण्याचं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी दिल्लीला आले आणि इथलीच झाले. नवरा गुरुग्रामला एका कंपनीत आहे. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्या मराठीतले शब्द एकेक करून गळत गेलेत आणि त्या जागी हिंदी येऊन बसलीय. पाय मोडला त्या दिवशी मी तिला फोनवर सांगितलं, “नडगीचं हाड मोडलंय.” तर ती रडता रडता विचारत होती, “आई, नडगी म्हणजे कुठे?”

शाळेतून परत येताना मी मेट्रो स्टेशनपासून ई-रिक्षा केली होती. चालकाने वेळ वाचवायला गाडी उलट्या बाजूने घातली, समोरून बस आली, याने हँडल वळवलं आणि पुढचं चाक झाकण नसलेल्या गटारात गेलं. रिक्षा माझ्या बाजूला आडवी झाली. बाजूचा लोखंडी दांडा पायावर आला. मी पाहिलं तर गुडघा आणि घोटा यांच्या मधेच पाय वळला होता. भोवती गर्दी जमली. कुणीतरी चालकाला शिव्या घालत होतं, कुणी मोबाइल काढून उभं होतं, आणि एक अनोळखी बाई पुन्हापुन्हा माझी ओढणी नीट करत होती.

नवऱ्याने पहिला फोन डॉक्टरांना केला. हे स्वाभाविकच होतं. डॉक्टर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, नवरा सचिव. दोघं रोज सकाळी बॅडमिंटन खेळायचे, सोसायटीच्या पाण्याच्या प्रश्नासाठी दोघांनी मिळून किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. डॉक्टर ज्या खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशनं करायचे तिथेच मला नेलं. ते आले, पायाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “भाभीजी, टेंशन बिल्कुल मत लीजिए. घर की बात है.”

तेव्हा ते ऐकून मला धीर आला होता, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नडगीच्या आतल्या बाजूने प्लेट बसवली आणि ती स्क्रूंनी हाडाला जखडली. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी एक्स-रे नवऱ्याला दाखवला. मला नाही. मी व्हीलचेअरवर शेजारीच होते. “देखो, कितना सुंदर बैठा है,” ते नवऱ्याला म्हणाले, आणि दोघंही त्या फोटोकडे कौतुकाने बघत राहिले.

मग वॉकर, मग काठी. सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता भार टाका, चाला, जितकं चालाल तितकं हाड लवकर भरेल. मी शिस्तीची बाई आहे. सांगितलं तसं सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर रोज चालत होते. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. आणि एके दिवशी अंघोळ करताना घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं, कडक, त्वचेच्या अगदी खाली. दुसऱ्या पायावर त्याच जागी हात फिरवून पाहिला. तिथे काही नव्हतं.

आम्ही क्लिनिकला गेलो. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि नवऱ्याशी सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलायला लागले. ते संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “बोलिए भाभीजी, दर्द कैसा है?”

मला सांगायचं होतं की सलतंय. ठणका नव्हता, कळ नव्हती. काटा आत मोडून राहावा आणि प्रत्येक पावलाला त्याची आठवण व्हावी, तसं होत होतं. याला मराठीत एवढा नेमका शब्द आहे आणि मी त्या खुर्चीवर बसून हिंदी शोधत होते. शेवटी म्हटलं, “कुछ चुभता है. अंदर से. और यहाँ एक गाँठ जैसी आई है.”

“प्लेट है ना अंदर, तो महसूस तो होगी,” ते म्हणाले. “आपकी टांग में वहाँ गोश्त ही कहाँ है. बाकी जगह भले हो.” आणि ते हसले. नवराही हसला. सलवार वर करायला मी वाकले, तेवढ्यात त्यांनी हातानेच राहू द्या अशी खूण केली आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी पायाला हात लावला नाही.

मी आग्रह धरला म्हणून नंतर एक्स-रे काढला. पण तो घेऊन क्लिनिकला जायचं तर नवऱ्याला सुटी मिळत नव्हती. त्याने फिल्म खिडकीला लावून मोबाइलवर फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला. उत्तर लगेच आलं. नवऱ्याने वाचून दाखवलं, “ऑल गुड. भाभीजी का वज़न थोड़ा कम करवाइए.” खाली एक अंगठा.

“बघ,” नवरा म्हणाला, “सगळं ठीक आहे. तू फार विचार करतेस.”

थंडी सुरू झाली तसा तो गाठीचा भाग गार पडायला लागला. खरंच गार. मोजा काढून हात लावला की आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तेवढाच ठिपका थंड लागायचा. वर्गात उभं राहून शिकवणं मला जमेना. मी खुर्चीवर बसून शिकवायला लागले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या की पालक विचारतात. घरी मी दुखण्याबद्दल बोलले की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही, तेवढा तो असभ्य नाही, पण रिमोट हातात घ्यायचा. मला तो रिमोट दिसायचा आणि मी गप्प बसायचे.

दिवाळीत सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये जेवण होतं. अध्यक्षांनी माइक घेतला. सगळ्यांना शुभेच्छा झाल्या, पाण्याच्या नव्या लाइनबद्दल टाळ्या झाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या काठीकडे गेलं. माइक हातात तसाच धरून ते म्हणाले, “हमारी भाभीजी को देखिए. मैंने टांग में प्लेट डाली थी, इन्होंने उस पर शिकायतें परोस लीं!”

सगळे हसले. ज्यांना काही माहीतच नव्हतं तेही हसले. माझ्या शेजारी बसलेला नवरा हसला, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली, मीही हसावं म्हणून. समोरच्या टेबलावर मुलगी होती. एक तीच हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

इथून पुढे मला त्या माणसाला ‘ते’ म्हणवत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी शाळेला निघाले होते. लिफ्टमध्ये तो होता. पांढरे बूट, हातात रॅकेट. शिवाय आमच्या टॉवरमधले एक निवृत्त अधिकारी होते, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक पंजाबी बाई. मी काठी टेकत आत शिरले.

“अरे भाभीजी, अभी भी छड़ी?” तो म्हणाला. “छोड़िए इसे. आदत पड़ जाएगी.”

मी काही ठरवून केलं नाही. काठी भिंतीला टेकवली, खाली वाकले आणि डाव्या पायाची सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. तोवर ती गाठ वाटाण्याएवढी झाली होती, भोवती लाल, वरची कातडी ताणून चकचकीत.

“हाथ लगाइए,” मी म्हटलं.

“भाभीजी, क्लिनिक में आइए, वहाँ देखते हैं.”

“क्लिनिक में आपने हाथ नहीं लगाया. यहाँ लगाइए.”

त्याने त्या दोघांकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. अधिकारी दाराकडे बघत होते. पण कुत्रेवाल्या बाई वाकून पाहत होत्या आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “हाय रब्बा! डॉक्टर साब, ये तो बाहर निकलने को है!”

त्याने हात पुढे केला नाही. पुढच्या मजल्याचं बटण दाबलं आणि दार उघडताच रॅकेट घेऊन उतरला. तिथे त्याचं काही काम नव्हतं. दार मिटताना तो जिन्याकडे वळलेला दिसला.

संध्याकाळी नवरा घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. डॉक्टरने त्याला ऑफिसात फोन केला होता.

“तू लिफ्टमध्ये सलवार वर केलीस? लोकांसमोर?”

“गुडघ्यापर्यंत केली.”

“तमाशा झाला ना यार! त्याची काय इज्जत राहिली? आणि माझी? सॉरी म्हणून टाक. एक फोन कर. विषय संपेल.”

“कशाबद्दल सॉरी?”

“त्याने आपल्यासाठी काय नाही केलं? दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं तुझं. कोण करतं इतकं?”

मी स्टूल ओढलं, त्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, “तू तरी हात लावून बघ.”

तो तिथेच उभा होता. एका हाताच्या अंतरावर. “मी काय डॉक्टर आहे?” तो म्हणाला आणि बूट काढायला बाहेर गेला.

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. या माणसाचे पाय मी टायफॉइडमध्ये चेपलेत. मी स्टूलवर पाय तसाच ठेवून बराच वेळ उभी राहिले. भाजी करपली, तीही मी उतरवली नाही. शेवटी वासाने मुलगी आली. तिने गॅस बंद केला, खाली बसली आणि काही न विचारता त्या गाठीवर बोट ठेवलं. मग मान वर करून म्हणाली, “आई, हे तर लोखंड आहे. कपडे बदल. नाही, उद्या. उद्या सकाळी आपण दुसरीकडे जाऊ. पप्पांना नाही सांगायचं.”

दक्षिण दिल्लीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंबद्दल मला प्रेमाने लिहिता येणार नाही, कारण त्या माझ्याशी प्रेमाने वागल्या नाहीत. ओपीडीत ही गर्दी. आमचा नंबर लागला तेव्हा त्यांनी मान वर न करताच पाय टेबलावर ठेवायला सांगितलं. मग पाहिलं, आणि सरळ अंगठ्याने ती गाठ दाबली. मी किंचाळले.

“किसने बोला ये ठीक है?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“एक्स-रे कराके आइए. नया.”

नवा एक्स-रे त्यांनी स्क्रीनवर मोठा करून मला दाखवला. मला, मुलीला नाही. पेनाच्या टोकाने त्या दाखवत गेल्या. हाडात काळी रेघ तशीच होती. हाड जुळलंच नव्हतं. जुळलं नाही म्हणून प्रत्येक पावलाला प्लेटवर ताण येत राहिला, खालचे स्क्रू सैल होत मागे सरकत आले, आणि खालच्या टोकाला प्लेट हाडापासून सुटून उचलली गेली होती. एका स्क्रूचं डोकं आतून कातडीला टेकलं होतं. माझ्या बोटाला लागत होतं ते तेच.

“थोड़ा और रुकतीं तो चमड़ी फट जाती,” त्या म्हणाल्या. “फिर इन्फेक्शन हड्डी में. इतने महीने आप कर क्या रही थीं? पढ़ी-लिखी लगती हैं.”

मुलगी उसळली. “मैम, ये रोज़ बता रही थीं. किसी ने सुना नहीं.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आदल्या एक्स-रेची फिल्म मी पिशवीतून काढून दिली. ती त्यांनी उजेडासमोर धरली. त्यातही स्क्रू थोडा वर आलेला होताच. आता दाखवल्यावर मलाही दिसला.

मी विचारलं, “मतलब उन्होंने ऑपरेशन ग़लत किया था?”

मला ‘हो’ हवं होतं. आशेने, जवळजवळ हावरटपणाने, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पण त्या म्हणाल्या, “स्क्रू किसी का भी निकल सकता है. मेरे भी निकले हैं. ऑपरेशन में मुझे ग़लती नहीं दिखती. देखा क्यों नहीं, ये आप उनसे पूछिए.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला त्या बाईंचाही राग आला. परत येताना टॅक्सीत मी मुलीला म्हटलं, डॉक्टर डॉक्टरलाच सांभाळून घेतो. ती म्हणाली, “नाही आई, तिने खरं सांगितलं.”

ऑपरेशन ठरल्यावर नवऱ्याला सांगावंच लागलं. मी नवा एक्स-रे त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्याने तो दिव्यासमोर धरून पाहिला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. “मला त्याने ऑल गुड म्हटलं होतं,” तो म्हणाला. तेवढंच. माझं चुकलं, असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, “आता याचं काय करायचं? त्याला सांगू का मी?”

“त्याला सांगशील तर ऑपरेशनच्या दिवशी तू येऊ नकोस,” मी म्हटलं.

तो आला. बाहेर बसून राहिला, सह्या केल्या, औषधं आणली. डॉक्टर बाईंनी जुनी प्लेट आणि सगळे स्क्रू काढले, कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन त्या फटीत भरला आणि हाडाच्या आत रॉड घातला. शुद्धीवर आले तेव्हा पायापेक्षा कंबर जास्त दुखत होती. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी नर्सवर ओरडले.

घरी आल्यावर काही दिवसांनी बेल वाजली. नवरा त्या डॉक्टरला घेऊन आला होता. फळांची टोपली, तीवर पिवळा चमकीचा कागद. मी पलंगावर उशांना टेकून बसले होते. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “भाभीजी, कॉम्प्लिकेशन हो जाता है. मेडिकल साइंस में सौ परसेंट कुछ नहीं होता.”

“मुझे मालूम है,” मी म्हटलं. “नई डॉक्टर ने भी यही कहा. उन्होंने कहा, आपका ऑपरेशन ठीक था.”

त्याचा चेहरा खुलला. नवऱ्याकडे पाहून त्याने मानही हलवली.

“मुझे सिर्फ़ एक बात पूछनी है. वो एक्स-रे, जो मोबाइल पर भेजा था, आपने बड़ा करके देखा था?”

त्याने टोपलीवरचा कागद नीट केला. मग म्हणाला, “फ़ोटो साफ़ नहीं थी.”

“तो ऑल गुड किस चीज़ को लिखा?”

नवरा मधे पडला. “आता बस कर ना. ते भेटायला आलेत.”

“तू थांब,” मी मराठीत म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मुलगी तिच्या खोलीतून धावत आली. “मला उत्तर ऐकू दे.”

डॉक्टरने घड्याळ पाहिलं, ऑपरेशन आहे म्हणाला आणि उठला. दारात मुलीने फळांची टोपली त्याच्या हातात परत दिली. तिला मी हे शिकवलं नव्हतं. नवरा तिच्यावर खूप चिडला, पण तो लिफ्टपर्यंत त्याला पोचवून परत आला तोवर तिने दार आतून लावून घेतलं होतं, आणि बेल बरीच वाजल्यावर उघडलं.

मी पहिल्या हॉस्पिटलकडे तक्रार केली. अशी गुंतागुंत होऊ शकते, आम्हाला खेद आहे, असं गोड भाषेत त्यांनी कळवलं. वकिलाकडे जायचं माझ्या मनात होतं. नवरा म्हणाला, सोसायटीत राहायचंय आपल्याला. मी गेले नाही, पण ते त्याच्यासाठी नाही. ज्या बाईंनी पाय बरा केला त्या ऑपरेशनला चूक म्हणायला तयार नव्हत्या, आणि न पाहण्याची शिक्षा कुठे मागायची हे मला कळलं नाही.

हाड या वेळी जुळलं. हळूहळू जुळलं, पण जुळलं. उन्हाळ्यानंतर मी काठीशिवाय शाळेत गेले आणि पूर्ण तास उभी राहून शिकवलं. अजून जिना उतरताना पाय थोडा आखडतो. मुलगी नोकरीला लागली आणि बंगळुरूला गेली. जाताना मला म्हणाली, “तू इथे एकटी काय करशील?” घरात बाप असताना तिने एकटी हा शब्द वापरला, ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं.

त्यानंतर सोसायटीची वार्षिक सभा झाली. मी कधी जात नसे, त्या वर्षी गेले. पुन्हा अध्यक्षपदासाठी त्याचंच नाव आलं. दुसरं नाव कुणी सुचवलं नाही. मंचावरून विचारलं, सहमत असतील त्यांनी हात वर करा. खुर्च्या-खुर्च्यांमधून हात वर गेले. कुत्रेवाल्या पंजाबी बाईंचाही गेला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. माझ्या शेजारी नवऱ्याचा हात आधी जरा घुटमळला, मग वर गेला.

घरी येऊन मी चहा ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“पाण्याचं काम त्याने केलं, हे तरी खरं ना?” तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

“खरं आहे.”

“टँकर बंद झाले. ते कुणामुळे?”

“त्याच्यामुळे.”

“मग? एका हाताने काय फरक पडणार होता? तो तसाही निवडून येणार होता.”

“म्हणूनच,” मी म्हटलं. “खाली ठेवला असतास तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं.”

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, “पाय बरा झाला ना आता तुझा?”

मी चहा गाळला. एकच कप घेतला आणि मुलीच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर तो चहाच्या भांड्याचं झाकण उचलून बघत असल्याचा आवाज आला. आत काही उरलेलं नव्हतं.